वायू-द्रव प्रयोग: ढवळपात्र, स्टर्ड सेल आणि बुडबुड्यांचं क्षेत्रफळ (केमिकल इंजिनिअरिंग लॅब)

घनमूळ | शुक्रवार, रात्री ९:४०

तिसऱ्या वर्षाच्या मास ट्रान्सफर लॅबमध्ये आणि एम.टेक.च्या पहिल्या सत्रात कॉस्टिक-सीओटूचा (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड शोषण्याचा) प्रयोग ढवळपात्रात घेतला जातो. त्याची मांडणी सुधारायची आहे, म्हणून हा धागा.

पात्र काचेचं, आतला व्यास १५० मिमी, द्रवाची उंचीही तेवढीच, म्हणजे साधारण २.६५ लिटर. सहा पात्यांचा ५० मिमीचा रश्टन टर्बाइन (ढवळणारा पंखा), चार बॅफल (काचेलगतच्या उभ्या पट्ट्या), खाली रिंग स्पार्जर (वायू सोडणारी भोकांची कडी). द्रव अर्धा मोलर कॉस्टिक, वायू शुद्ध सीओटू, मिनिटाला २.६५ लिटर. दर दोन मिनिटांनी नमुना, टायट्रेशन, त्यावरून शोषणाचा वेग आणि 'फास्ट रिअॅक्शन'च्या सूत्रातून दर घनमीटर द्रवामागे बुडबुड्यांचं किती चौरस मीटर क्षेत्रफळ आहे ते काढायचं.

दोन बॅचेसचे आकडे कधी जुळत नाहीत. पहिल्या दोन मिनिटांवरून काढलेलं क्षेत्रफळ आणि चौथ्या ते सहाव्या मिनिटावरून काढलेलं यांत दुपटीचा फरक पडतो. वायूचा प्रवाह वाढवल्यावर क्षेत्रफळ वाढायला हवं, तसंही दिसत नाही. टायट्रेशन तपासलं, त्यात खोट नाही.

विभागात १०० मिमी व्यासाची जॅकेट असलेली स्टर्ड सेल (पृष्ठभाग सपाट ठेवून द्रव ढवळायचं पात्र), प्रेशर ट्रान्सड्यूसर (दाबमापक) आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा डीओ प्रोबही आहे. यातून विद्यार्थ्यांना काही शिकवेल असा प्रयोग कसा उभारावा?

---

ब्युरेट | शुक्रवार, रात्री १०:२५

आधी साधा हिशेब. मिनिटाला २.६५ लिटर शुद्ध सीओटू म्हणजे २५ अंशाला ०.१०८ मोल. एका सीओटूला दोन हायड्रॉक्साइड लागतात. पात्रात कॉस्टिक आहे १.३३ मोल. सगळा वायू शोषला गेला तर दोन मिनिटांत तिसरा हिस्सा कॉस्टिक संपतं, सहा मिनिटांत जवळजवळ सगळं. सूत्रात मात्र कॉस्टिकचं कॉन्सन्ट्रेशन स्थिर धरलंय. दोन नमुन्यांवरून दोन वेगळी क्षेत्रफळं येणारच.

दुसरं, शुद्ध वायूचे बुडबुडे शोषले जाता जाता लहान होऊन नाहीसे होतात. पात्राच्या काचेला डोळा लावून पाहा: स्पार्जरजवळ दाट ढग, टर्बाइनच्या वर तुरळक बुडबुडे आणि पृष्ठभागावर फुटणारे जवळपास नाहीत. ज्या क्षेत्रफळाची सरासरी काढायची, तेच खालून वर जाताना विरून जातंय.

---

शीव_माटुंगा | शुक्रवार, रात्री ११:१०

ब्युरेट यांनी म्हटलंय ते बरोबर आहेच, पण मुळातली चूक त्याच्याही आधीची आहे. हा प्रयोग कोणत्या रिजीममध्ये चाललाय, म्हणजे शोषणाचा वेग अभिक्रिया ठरवतेय की विसरण, हे कुणी तपासलेलंच नाही. रिजीम सिद्ध केल्याशिवाय क्षेत्रफळाचा आकडा लिहूच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनाही नाही.

आकडे मांडून बघू. २५ अंशाला सीओटू आणि हायड्रॉक्साइडचा वेगस्थिरांक साधारण ८४०० लिटर प्रति मोल प्रति सेकंद. पाण्यात सीओटूचा विसरणांक सेकंदाला ०.००१९२ चौरस मिमी. अर्धा मोलर कॉस्टिकसाठी विसरणांक, वेगस्थिरांक आणि कॉन्सन्ट्रेशन यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ येतं सेकंदाला २.८ मिमी. ढवळपात्रात केएल, म्हणजे द्रवाच्या बाजूचा मास ट्रान्सफरचा गुणांक, साधारण ०.२ मिमी प्रति सेकंद. भागाकार, म्हणजे हट्टा अंक, १४. तीनच्या वर आहे, म्हणून सगळे 'फास्ट' म्हणून मोकळे होतात.

पण अट दुहेरी आहे. हट्टा अंक तीनपेक्षा मोठा हवा आणि तात्क्षणिक अभिक्रियेच्या वर्धनांकापेक्षा (अभिक्रियेमुळे शोषण जास्तीत जास्त किती पट वाढू शकतं त्या आकड्यापेक्षा) बराच लहानही हवा. हा दुसरा आकडा सांगतो की द्रवाच्या आतून पृष्ठभागाकडे हायड्रॉक्साइड किती पोचू शकतं. शुद्ध सीओटूची विरघळण १ वातावरण दाबाला ०.०३४ मोलर. हायड्रॉक्साइडचं विसरण सीओटूच्या १.७ पट धरलं तर वर्धनांक = १ + १.७ × ०.५ ÷ (२ × ०.०३४), म्हणजे साडेतेरा.

हट्टा अंक १४ आणि मर्यादा साडेतेरा! पृष्ठभागाशी कॉस्टिक संपलेलं आहे. वेग ठरतोय केएल, क्षेत्रफळ आणि कॉस्टिकच्या विसरणावर. तुमच्या सूत्रात केएल कुठेच नाही, म्हणून त्यातला बदल सगळा क्षेत्रफळाच्या माथी जातो.

सोयीचा नियम असा: वर्धनांकाची मर्यादा हट्टा अंकाच्या दहापट असेल तर स्यूडो-फर्स्ट-ऑर्डर (पृष्ठभागाशी कॉस्टिक स्थिर आहे असं) धरण्यातली चूक ५ टक्के, पाचपट असेल तर साडेनऊ टक्के. दहापट मिळाली की पुढे जायचं.

---

घनमूळ | शनिवार, सकाळी ७:५५

समजलं. मग ५ टक्के सीओटू आणि बाकी हवा असं मिश्रण घेतलं तर? विरघळण विसाव्या हिश्श्यावर येते, मर्यादा अडीचशेवर जाते, हट्टा अंक १४ तसाच राहतो. अट सहज पाळली जाते.

---

शीव_माटुंगा | शनिवार, सकाळी ८:४०

अट पाळली जाईल, पण प्रयोग आंधळा होईल. क्षेत्रफळ २०० चौरस मीटर प्रति घनमीटर धरा. कॉस्टिकमुळे विरघळण १५-२० टक्क्यांनी घटते तेही धरा. एवढं द्रव मिनिटाला सुमारे ६० लिटर वायूमधला सीओटू ओढून घेऊ शकतं आणि तुम्ही देताय २.६५ लिटर. वायू पूर्ण मिसळलेला मानला तर बाहेर पडताना सीओटू उरतो आल्याच्या ४ टक्के, म्हणजे मिश्रणात ०.२ टक्के. प्लग फ्लो (वायू मागेपुढे न मिसळता सरकतो असं) मानला तर काहीच उरत नाही. क्षेत्रफळ निम्मं झालं काय किंवा दुप्पट झालं काय, शोषलेला सीओटू तोच, जेवढा आत सोडला तेवढा. टायट्रेशनचे आकडे सुंदर जुळतील, पण ते फक्त रोटामीटरचं (वायूच्या प्रवाहमापकाचं) कॅलिब्रेशन सांगत असतील.

ही चूक ओळखायला विद्यार्थ्यांनी एकच तपासणी करावी: आरपीएम बदलून शोषणाचा वेग बदलतो का? बदलत नसेल तर वायूच संपतोय.

कॉस्टिक-सीओटू ही जोडी स्टर्ड सेलसाठी आणि पॅक्ड कॉलमसाठी चांगली. छोट्या ढवळपात्रात क्षेत्रफळ मोजायला सल्फाइट आणि हवेतला ऑक्सिजन घ्या. ऑक्सिजन पाण्यात फार कमी विरघळतो, त्यामुळे दिलेल्या हवेतला थोडाच शोषला जातो आणि वायूतलं त्याचं प्रमाण वरखाली फारसं बदलत नाही. मिनिटाला २.६५ लिटर हवेतला साधारण १५ टक्के ऑक्सिजन गेला तर अर्ध्या तासात सल्फाइट ०.८ वरून ०.७२ मोलरवर येईल. मोजता येईल इतका फरक, आणि द्रव बदललं म्हणावं इतका मोठा नाही.

---

तापी_काठ | शनिवार, सकाळी ११:०५

सल्फाइटची रीत १९४४ पासून वापरात आहे आणि तेवढ्याच वर्षांपासून तिच्यात तेच ते घोळ होत आलेत. तपशील देतो.

०.८ मोलर म्हणजे लिटरला १०१ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, तुमच्या पात्राला २६७ ग्रॅम. पाणी उकळून थंड केलेलं डिस्टिल्ड. मीठ विरघळलं की पीएच ९ च्या पुढे जातो, तो सौम्य सल्फ्युरिक आम्लाने ८ ते ८.५ वर आणा. हे ड्राफ्टमध्येच करा, आम्ल जास्त पडलं तर सल्फर डायऑक्साइड सुटतो. कोबाल्ट सल्फेट (या अभिक्रियेचा कॅटलिस्ट) वेगळ्या थोड्या पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी घाला. पीएच जास्त असताना घातलं तर कोबाल्टचा साका बसतो, आणि मग द्रवात कॅटलिस्ट किती आहे ते सांगता येत नाही.

नमुना काढताना खरी चूक होते. पिपेटमधून सल्फाइट आयोडीनच्या फ्लास्कमध्ये वरून सोडलं तर पडतापडताच हवेतला ऑक्सिजन खातं. पिपेटचं टोक आयोडीनच्या पृष्ठभागाखाली बुडवूनच सोडायचं. २ मिली नमुन्यात १.६ मिलिमोल सल्फाइट असतं. ०.१ मोलर आयोडीनचे २५ मिली घेतले तर ०.९ मिलिमोल उरतं, त्याला ०.१ मोलर थायोसल्फेट १८ मिली लागतं. ब्युरेटच्या मध्यावर येणारं रीडिंग आहे. स्टार्च अगदी शेवटी, रंग फिकट गवती पिवळा झाल्यावर. आधी घातलं तर स्टार्च आयोडीन धरून ठेवतं आणि निळा रंग जाता जात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक पूर्ण मालिका एकाच डब्यातल्या मिठाने करा. सल्फाइटमध्ये धातूंचे अंश असतात. तांबं, लोखंड, मँगनीज यांच्या अत्यल्प प्रमाणानेही वेग बदलतो. छापील वेगस्थिरांक उचलून वापरू नका.

---

नेरळ | शनिवार, दुपारी १२:३०

छापील वेगस्थिरांक वापरायचा नाही तर मग आणायचा कुठून? क्षेत्रफळाच्या सूत्रात तो लागतोच ना?

---

तापी_काठ | शनिवार, दुपारी १:१५

स्टर्ड सेलमधून. तिथे क्षेत्रफळ पट्टीने मोजता येतं. १०० मिमी व्यासाला ७८.५ चौरस सेमी, त्यातून दांड्याचा छेद वजा. तेच द्रव, तेच तापमान, तोच कोबाल्ट. सेलमध्ये दर चौरस मीटरला किती ऑक्सिजन जातो ते काढायचं आणि ढवळपात्रात दर घनमीटरला किती जातो त्याला त्याने भागायचं. वेगस्थिरांकाची वेगळी गरजच उरत नाही.

या परिस्थितीत अभिक्रिया ऑक्सिजनच्या बाबतीत दुसऱ्या घाताची असते, म्हणून शोषणाचा वेग ऑक्सिजनच्या आंशिक दाबाच्या दीड घाताने जातो. सेलमध्ये शुद्ध ऑक्सिजन आणि पात्रात हवा असं केलं तर ही दुरुस्ती विसरू नका. त्यापेक्षा दोन्हीकडे हवाच वापरलेली बरी. सेलमध्ये मग ओलसर केलेल्या हवेचा संथ प्रवाह चालू ठेवायचा.

---

शीव_माटुंगा | शनिवार, दुपारी ३:००

इथे एक सापळा आहे. सपाट पृष्ठभागाच्या सेलमध्ये केएल असतो साधारण ०.०३ मिमी प्रति सेकंद, ढवळपात्रात ०.२ ते ०.४. समजा तुमच्या कोबाल्टला अभिक्रियेचा वेग असा आहे की ते वर्गमूळ ०.२ मिमी प्रति सेकंद येतं. सेलमध्ये हट्टा अंक जवळजवळ सात, सगळं छान. तेच द्रव पात्रात नेलं की हट्टा अंक एक किंवा त्याहून कमी! रिजीम बदलली, भागाकार निरर्थक झाला.

म्हणून रिजीमची तपासणी पात्रातच करायची. कोबाल्ट चौपट करा, आरपीएम आणि हवा तीच ठेवा. शोषणाचा वेग दुप्पट झाला तर फास्ट रिजीम, क्षेत्रफळ काढायला मोकळे. वेग तसाच राहिला तर केएलए (केएल गुणिले क्षेत्रफळ) मिळतोय. तोही उपयोगी आकडा आहे, पण नाव वेगळं. दीडपट झाला तर मधल्या मुलखात आहात, कोबाल्ट वाढवा.

सेलमध्ये उलटी तपासणी: आरपीएम ४० वरून ८० केला तरी वेग बदलता कामा नये. बदलला तर एकतर फास्ट नाही किंवा पृष्ठभाग सपाट राहिलेला नाही. दुसऱ्या शक्यतेसाठी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब द्रवावर पाहा. रेघ सरळ, थोडी थरथरणारी असेल तर ठीक. रेघ तुटून तिचे तुकडे नाचू लागले की तो आरपीएम सोडून द्या, कारण क्षेत्रफळ आता ७८.५ उरलेलं नाही.

---

अर्धपारदर्शक | शनिवार, रात्री ९:२०

पदवीच्या वर्गासाठी हे सगळं जड होतंय असं मला वाटतं. तीन तासांचं प्रॅक्टिकल, पाच-पाच जणांचे गट. त्यांना डीओ प्रोबने केएलए मोजू द्या. नायट्रोजनने ऑक्सिजन हाकलायचा, हवा सोडायची, आलेख काढायचा. रसायनं नाहीत, कोबाल्टचं सांडपाणी नाही. सल्फाइट एम.टेक.ला ठेवा.

---

ब्युरेट | शनिवार, रात्री १०:०५

@अर्धपारदर्शक, डीओ प्रोबचा प्रयोग सोपा दिसतो, पण चुकीचा आकडा निमूटपणे देण्यात तो सल्फाइटच्याही पुढे आहे. तीन गोष्टी बघाव्या लागतात.

प्रोबचा स्वतःचा वेळ. नायट्रोजनच्या बाटलीतून काढून हवेने संपृक्त पाण्यात बुडवा आणि ६३ टक्के बदलाला किती सेकंद लागतात ते मोजा. पडद्याच्या जाडीप्रमाणे पाच सेकंद सहज लागतात, जुन्या पडद्याला आणखी. केएलए सेकंदाला ०.०५ असेल तर पात्राचा वेळ २० सेकंद, तिथे निभावतं. केएलए ०.२ झाला की पात्राचाही वेळ ५ सेकंद. मग आलेखाचा उतार पात्राचा की प्रोबचा, हे कळायला मार्ग नाही. ६०० आरपीएमच्या पुढे 'केएलए आता वाढत नाही' असा निष्कर्ष जर्नलमध्ये लिहिलेला दिसला तर बहुतेक वेळा तो प्रोबच असतो.

वायूतला नायट्रोजन. हवा सुरू केली त्या क्षणी पात्रातले बुडबुडे नायट्रोजनचेच असतात. वायूचा होल्डअप (पात्रात वायूने व्यापलेला हिस्सा) १० टक्के, म्हणजे पाव लिटरच्या आसपास, आणि प्रवाह मिनिटाला २.६५ लिटर. ते धुऊन जायला सहा सेकंद लागतात. या काळातले बिंदू आलेखात घेऊ नका.

आणि संपृक्ततेचा आकडा. २५ अंशाला हवेशी समतोलात लिटरला ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशाला ७.६. पुस्तकातला आकडा टाकण्यापेक्षा प्रयोगाच्या शेवटी प्रोब जिथे स्थिरावतो ते रीडिंग घ्या. हा आकडा अर्धा टक्का जरी चुकला तरी लॉगच्या आलेखाचं शेपूट वाकतं. विद्यार्थी मग त्या वाकलेल्या भागातूनही पट्टी फिरवतात. २० ते ८० टक्के संपृक्ततेमधलेच बिंदू वापरायचे.

हे सगळं करून घेणार असाल तर पदवीला डीओचा प्रयोग जरूर द्या.

---

अर्धपारदर्शक | रविवार, सकाळी ९:१०

मान्य. प्रोबचा वेळ मोजणं हाच प्रयोगाचा पहिला भाग करावा. मॅन्युअलमध्ये तो तयार दिलेला असतो आणि म्हणूनच कुणी त्याच्याकडे बघत नाही.

---

नेरळ | रविवार, सकाळी १०:३०

आरपीएम किती ते किती ठेवायचा? १०० ते १००० असं मॅन्युअलमध्ये असतं.

---

शीव_माटुंगा | रविवार, सकाळी ११:४५

खालची मर्यादा फ्लडिंगने ठरते. रश्टन टर्बाइनसाठी वायूचा फ्लो नंबर (पंख्याच्या वेग-आकाराच्या तुलनेत वायूचा प्रवाह) हा पंखा-पात्र व्यासाच्या गुणोत्तराचा साडेतीनवा घात, गुणिले फ्राउड अंक (गुरुत्वाच्या तुलनेत पंख्याचा जोर), गुणिले ३० इथपर्यंत पोचला की पंखा वायूखाली बुडतो. तुमच्या पात्रात ६०० आरपीएमला ही हद्द मिनिटाला साधारण २४ लिटर येते. आरपीएम निम्मा केला तर घनाने घटते, म्हणजे ३०० ला फक्त ३ लिटर. तुम्ही २.६५ लिटर देताय! ३०० ला काठावर आहात, २५० ला फ्लडिंगमध्ये.

हे डोळ्यांनी दाखवण्यासारखं आहे. प्रवाह तोच ठेवून ५०० वरून सावकाश खाली या. आधी बुडबुडे पात्यांच्या टोकांवरून आडवे काचेपर्यंत फेकले जातात आणि पंख्याच्या खालीही फिरतात. ४०० च्या खाली खालचा भाग निवळत जातो. मग एका टप्प्यावर मोठमोठे बुडबुडे दांड्याला लगटून सरळ वर जातात, काचेकडचं पाणी स्वच्छ दिसतं आणि पंख्याचा आवाजही हलका होतो. विद्यार्थ्याने तो आरपीएम स्वतः टिपावा आणि नंतर सूत्राशी ताडावा.

शक्तीचाही अंदाज द्या. वायू नसताना पॉवर नंबर (पंख्याच्या शक्तीचा एककरहित अंक) ५ धरून ६०० ला १.६ वॉट, म्हणजे लिटरला ०.६ वॉट. वायू सोडला की ती बरीच कमी होते. क्षेत्रफळ आरपीएमविरुद्ध न काढता लिटरमागच्या वॉटविरुद्ध काढलं तरच ते दुसऱ्या आकाराच्या पात्राशी ताडता येतं.

वरची मर्यादा: पृष्ठभागावरून हवा ओढली जाऊ लागली की थांबा. स्पार्जर बंद ठेवून आरपीएम वाढवत न्या. पंख्यापाशी पहिला बुडबुडा दिसला, ती हद्द.

---

घनमूळ | रविवार, दुपारी ४:२०

स्टर्ड सेलमध्ये कॉस्टिक-सीओटू ठेवायचंच आहे, कारण दाब घटण्याचा आलेख विद्यार्थ्यांना थेट दिसतो. सेलमध्ये वायूची जागा ५०० मिली. १० किलोपास्कल सीओटू सोडला तर दाबाच्या लॉगचा आलेख सुरुवातीला आडवा असतो आणि नंतर सरळ रेषेत जातो. सुरुवातीचा भाग गळतीमुळे की तापमानामुळे?

---

शीव_माटुंगा | रविवार, सायंकाळी ५:३५

दोन्ही नाही, पुन्हा तीच रिजीम. सेलमध्ये केएल लहान, म्हणून अर्धा मोलरला हट्टा अंक ९५. १० किलोपास्कलला वर्धनांकाची मर्यादा फक्त १५० च्या आसपास. प्रत्यक्ष वेग स्यूडो-फर्स्ट-ऑर्डरपेक्षा पाव हिश्श्याने कमी पडतो, म्हणून उतार कमी. दाब घटत जातो तशी मर्यादा वाढत जाते आणि १.६ किलोपास्कलच्या खाली ती हट्टा अंकाच्या दहापट होते. तिथून रेषा सरळ.

हा वाक अडचण समजू नका, शिकवायला याहून चांगली गोष्ट नाही. एकाच आलेखात रिजीम बदलताना दिसते. विद्यार्थ्याला विचारा: कॉस्टिक चौपट, म्हणजे २ मोलर केलं, तर सरळ रेषा कुठून सुरू होईल? उत्तर: साधारण दुप्पट दाबापासून, कारण अट कॉन्सन्ट्रेशनच्या वर्गमूळाने सरकते. मग करून पाहू द्या.

---

तापी_काठ | रविवार, सायंकाळी ६:५०

मात्र १.६ किलोपास्कल मोजायचं तर तापमानाची शिस्त हवी. पाण्याचा बाष्पदाबच २५ अंशाला ३.१७ किलोपास्कल आहे आणि एका अंशाने तो जवळजवळ ०.१९ ने बदलतो. म्हणजे जॅकेटचं पाणी एक अंश सरकलं की तुमच्या सीओटूत १२ टक्के चूक. नळाचं पाणी जॅकेटमध्ये फिरवून हे होणार नाही. थर्मोस्टॅट बाथ हवा, ०.१ अंशाचा. झाकणालाही गुंडाळा. झाकण गार असेल तर त्यावर बाष्प थिजून थेंब दिसतात. थेंब दिसले की ते रीडिंग रद्द.

क्रम असा ठेवा. द्रव भरा, पाच मिनिटं व्हॅक्यूम पंपाने ओढून विरघळलेली हवा काढा. पंप बंद करून दाब बाष्पदाबावर स्थिर राहतो का ते दहा मिनिटं पाहा. वर सरकला तर सील गळतंय, आधी ते दुरुस्त. मग सीओटू झटकन सोडा, व्हॉल्व्ह बंद, सेकंदाला किमान एक रीडिंग. सरळ भागात दाब साधारण तीस सेकंदांत एक-तृतीयांशाच्या जवळ येतो, हाताने रीडिंग घेणं शक्य नाही.

व्हॅक्यूमची कटकट टाळायला काही जण सेलमध्ये नायट्रोजन ठेवतात. तसं केलं की पृष्ठभागाच्या वर सीओटू विरळ होतो, वायूच्या बाजूचा अडथळा येतो आणि वेगस्थिरांक कमी निघतो. वायूच्या बाजूने वेगळा ढवळणारा पंखा असेल तरच तो विचार करा.

कॉस्टिकबद्दल एक: पेलेट्स तोलून केलेलं द्रावण कार्बोनेट घेऊनच येतं. आधी ५० टक्क्यांचं द्रावण करून प्लास्टिकच्या बाटलीत दोन दिवस ठेवा. कार्बोनेट त्यात विरघळत नाही, खाली बसतं. वरचं निवळ घेऊन उकळलेल्या पाण्याने पातळ करा.

---

नेरळ | रविवार, रात्री ८:१५

शिकवण्याच्या बाजूने विचारतो. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहून दिलं तर विद्यार्थी पायऱ्या पाळतील आणि विचार करणार नाहीत. न दिलं तर तीन तासांत काही हाती लागणार नाही.

---

शीव_माटुंगा | रविवार, रात्री ९:५०

मॅन्युअलमध्ये हाताळणी सगळी लिहा: पिपेटचं टोक कुठे, कोबाल्ट कधी, बाथ किती अंशाला. सूत्र मात्र देऊ नका. चारही रिजीमची सूत्रं एका पानावर द्या आणि कोणतं लागू पडतं ते आकडे काढून ठरवायला लावा. गुण त्याला. एका गटाला मुद्दाम ५ टक्के सीओटू ढवळपात्रात वापरू द्या, दुसऱ्याला सल्फाइट, आणि दोघांनी एकमेकांचे आकडे तपासायचे. पहिल्या गटाला आरपीएमचा काही परिणाम दिसत नाही, हे दुसऱ्या गटाने पकडायचं.

ही परंपरा आपल्याकडचीच आहे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने सुरू केलेला रसायन तंत्रज्ञान विभाग, यूडीसीटी, आजची माटुंग्याची आयसीटी. तिथले प्रा. मनमोहन शर्मा केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्या हाताखाली १९६४ मध्ये पीएच.डी. करून परतले आणि ठाऊक असलेल्या अभिक्रियेच्या मदतीने क्षेत्रफळ आणि केएल मोजण्याच्या रासायनिक रीती त्यांच्या गटाने माटुंग्यात वर्षानुवर्षं घडवल्या. १९७० मध्ये दोघांनी मिळून या रीतींचा आढावा छापला, तो आजही हाताशी ठेवावा असा आहे. १९९० मध्ये शर्मा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्या कामासाठी लागायचं काय? काचेची सेल, ब्युरेट, थर्मोस्टॅट, आणि सूत्र लावण्यापूर्वी ते लागू आहे का हे सिद्ध करण्याची सवय. कोणत्याही जिल्ह्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला हे परवडतं.

---

ब्युरेट | रविवार, रात्री १०:३५

एम.टेक.साठी यावरचा पुढचा टप्पा डँकवर्ट्स प्लॉट. कार्बोनेट-बायकार्बोनेट बफरमध्ये सीओटू शोषायचा, हायपोक्लोराइट कॅटलिस्टचं प्रमाण पाच पायऱ्यांनी वाढवत न्यायचं. शोषणाचा वेग भागिले विरघळण, त्याचा वर्ग, विरुद्ध अभिक्रियेचा वेगस्थिरांक. उतारातून क्षेत्रफळ, छेदातून केएलए, एकाच मालिकेत दोन्ही. पूर्वी यासाठी आर्सेनाइट वापरत, ते विषारी आहे, विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नये. हायपोक्लोराइट हळूहळू विघटित होतं, म्हणून प्रत्येक धावेच्या आधी आणि नंतर आयोडोमेट्रीने (आयोडीनच्या टायट्रेशनने) तपासा.

आणि अहवालात एक वाक्य सक्तीचं करा: 'हे क्षेत्रफळ अमुक द्रवातलं आहे.' मिठाच्या द्रावणात बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, बारीक राहतात. सल्फाइटमधलं क्षेत्रफळ साध्या पाण्याला लावलं तर डिझाइन फसतं.

---

घनमूळ | सोमवार, सकाळी ८:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. आराखडा असा: पदवीला पहिल्या आठवड्यात प्रोबचा वेळ आणि डीओने केएलए, दुसऱ्यात फ्लडिंग आणि स्टर्ड सेलमधला सीओटूचा वाक. एम.टेक.ला सेल आणि पात्रात सल्फाइट, कोबाल्ट चौपट करण्याच्या तपासणीसह, मग डँकवर्ट्स प्लॉट. सीओटूच्या रोटामीटरवर हवेची पट्टी आहे, तिची दुरुस्ती किती?

---

तापी_काठ | सोमवार, सकाळी ९:३०

घनतेच्या वर्गमूळाने: हवेच्या पट्टीवर १० दिसलं तर सीओटू ८.१. पण साबणाच्या बुडबुड्याच्या मीटरने ताडून घ्या, आणि त्यातलं साबणपाणी आधी सीओटूने संपृक्त करा, नाहीतर बुडबुडा वर चढतानाच वायू विरघळतो. नियंत्रणाचा व्हॉल्व्ह रोटामीटरच्या आधी ठेवा. नंतर ठेवला तर नळीतला दाब वाढतो आणि पट्टी खोटी पडते. कॉम्प्रेसरच्या हवेच्या लाइनवर तेल अडवणारा फिल्टर आणि पुढे कोळशाची नळी हवीच. तेलाचा पातळ थर पृष्ठभागावर बसला की केएल घसरतो.

कोबाल्टचं द्रव बेसिनमध्ये ओतू नका. कॉस्टिकने पीएच १० च्या वर नेऊन रात्रभर ठेवा, गाळा, साका वेगळ्या बरणीत लेबल लावून घातक कचऱ्यात द्या.

---

नेरळ | सोमवार, सकाळी १०:१०

गाळण्यापूर्वी उरलेलं सल्फाइट हवा सोडून संपवून घ्यायचं का?

---

तापी_काठ | सोमवार, सकाळी १०:४०

हो. पात्रातच हवा चालू ठेवा आणि अधूनमधून नमुना आयोडीनमध्ये टाकून पाहा. आयोडीनचा रंग अजिबात फिका झाला नाही की सल्फाइट संपलं. मगच कॉस्टिक घाला.